अकरा पावलांचा पूल

नागपुरात उड्डाणपुलांना तोटा नाही, पण माझ्या मामेसासऱ्यांच्या मते शहरात खरा पूल एकच, आमच्या कॉलनीच्या बागेतला. तो आहे जेमतेम अकरा पावलांचा. खालचा नाला कधीच बुजला, त्यामुळे पुलाचा चढ चढण्यापेक्षा लोक शेजारच्या सपाट वाटेने जातात. मामांचा मात्र पाटबंधारे खात्यात पूल आणि मोऱ्या बांधण्यात जन्म गेलेला. रोज सकाळी ते तेलाची बाटली घेऊन येतात, कठड्याचे नटबोल्ट आवळतात, मग चपला काढून पूल ओलांडतात आणि पलीकडे पोचले की मोठा प्रवास संपल्यासारखा उसासा टाकतात. एकदा तर रामदासपेठेत डॉक्टरांकडे निघालेली रिक्षा त्यांनी बागेकडे वळवली, का तर पुलाला सांगून निघायचं राहिलं होतं. वळसा घालणारा कुणी दिसला की त्याला नमस्कार करून परत बोलावतात. जावई म्हणून मलाही सवलत मिळाली नाही.

"जवाईबापू, पूल असून वळसा काहून घालून राहिले? पाय लागत नसले तं पूल आतून खचते."

हे कोणत्या पुस्तकात लिहिलंय, असं विचारायची माझी काय बिशाद!

गेल्या वर्षी बागेत पाटी लागली. वापरात नसलेला पूल पाडून तिथे व्यायामाची यंत्रं बसणार होती. मामांचं दोन दिवस जेवणात लक्ष नव्हतं. तिसऱ्या दिवशी ते घरोघर फिरले. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे तान्हा पोळा. मुलं सजवलेले लाकडी बैल ओढत आणतात. या खेपेला तोरण पुलाच्या तोंडाशी बांधायचं आणि बैल पुलावरून न्यायचे, असं मामांनी ठरवून टाकलं. पण ऐन वेळी त्यांच्यातला ओव्हरसियर जागा झाला. पूल जुना, भार किती, म्हणून त्यांनी लाकडी बैलांना खऱ्या बैलांचा नियम लावला: एका वेळी एकच जोडी. रांग पार फाटकाबाहेर गेली. नेमके तेव्हाच पाहणीला महापालिकेचे साहेब आले. ज्या पुलावर कुणी फिरकत नाही असं त्यांच्या कागदात होतं, तिथे अर्धी कॉलनी नंबर लावून उभी होती. साहेबही मुकाट रांगेत लागले. पाटी आठवड्यात निघाली.

पूल राहिला, मामांचे गुडघे मात्र गेले. आता तो चढ त्यांना झेपत नाही. तेही सपाट वाटेने जातात, पुलाकडे न बघता. परवा मला बघून थांबले आणि हळूच म्हणाले, "माह्या वाटचं तुम्ही जाऊन या."

मी चपला काढल्या. शाळेला निघालेली दोन मुलं माझ्यापुढे धडधडत पूल ओलांडून गेली. त्यांच्यामागून मीही गेलो आणि पलीकडे पोचल्यावर, मामांना ऐकू जाईल असा, मोठा उसासा टाकला.