असं इंग्रजीत कुणी विचारत नाही

मार्चची अठरा तारीख. गच्चीवर ज्वारी पाखडत बसले होते, तेवढ्यात मुलाचा फोन आला. सुनेचे वडील गेले. दोघं तिच्या माहेरी, आसामला पोचली होती. सुनेला मराठी येत नाही, मला आसामी येत नाही. आमचं जे काही चालतं ते इंग्रजीत. तेवढ्यासाठीच मी या वयात जिंतूरच्या स्पोकन इंग्लिशच्या क्लासला जाते.

सूप बाजूला ठेवून तिला मेसेज लिहिला. स्वयंपाकाचं कोण बघतंय, शेजाऱ्यांनी काही आणलं का, तू दोन घास खाल्लेस का. चुका नकोत म्हणून आधी क्लासच्या सरांना पाठवला. त्यांनी सगळा खोडला. नॅचरल वाटत नाही म्हणे. बदल्यात दोन ओळी दिल्या: मनापासून सहवेदना, काही लागलं तर कळव. मी मुकाट्यानं त्याच पुढं पाठवल्या. उत्तर आलं, 'थँक यू, मा.' बास. बँकेच्या मेसेजला द्यावं तसं.

संध्याकाळी क्लास सुटल्यावर सरांना गाठलं.

"काकू, तुमी मराठीतून इंग्रजी करायलात," ते म्हणाले. "ते लोक असं पर्सनल विचारत न्हाईत."

"कोण लोक? आसामचे?"

त्यावर म्हणाले, मुलाखतीत असली वाक्यं चालत नसतात.

"मला सुनेकडं नोकरी मागायची नाही."

माझं डोकं फिरलं होतं ते त्या 'काही लागलं तर कळव'नं. ज्याच्या घरी मयत झालंय त्यानंच लोकांना कळवायचं, मला भूक लागलीय म्हणून? माझे सासरे गेले त्या दिवशी आमच्याकडं चूल पेटली नव्हती. शेजारीण कडू घासाचं, म्हणजे मयताच्या घरी शेजाऱ्यांनी द्यायचं, पिठलं-भाकरी घेऊन आली, ताट माझ्यापुढं सरकवलं आणि मी खाईपर्यंत जागची हलली नाही. तिनं काही विचारलं नाही, सांत्वनाचा एक शब्द काढला नाही. आमच्या गल्लीत अशीच रीत आहे. आणि इतक्या लांब ताट नेता येत नाही म्हणून मी जेवणाचं इंग्रजीत विचारलं तर ते बनावट, आणि सगळ्या जगाला चालणाऱ्या त्या दोन ओळी तेवढ्या नॅचरल! फी भरून मी सुनेशी परक्यासारखं बोलायला शिकत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या आधी तिला फोन लावला. हॅलो झाल्याबरोबर विचारलं, "हू इज कुकिंग? यू एट समथिंग?"

ती सांगायला लागली. त्यांच्याकडंही आत्ता चूल बंद आहे, नुसती फळं खायची असतात, आणि तिच्या आईनं कालपासून तीही खाल्लेली नाहीत. पुढं वडलांचं बरंच बोलली. निम्मं मला कळलं नाही. मधे थांबवलं नाही. शेवटी म्हटलं, "गिव्ह फोन टू मदर," आणि तिच्या आईला केळं खायला लावलं. मराठीतच.