दर रविवारी सात रेडिएटर

सेल्विन मिडग्लींनी अडतीस वर्षं इंग्लंडमधल्या टॉडमॉर्डन गावाच्या चढणींवर टपाल वाटलं. कुठल्या घरचं कुत्रं चावतं आणि कुठल्या घरची बाई, हे त्यांना अजून तोंडपाठ आहे. पण आपल्याच स्वयंपाकघरातला बॉयलर दर पंधरा दिवसांनी का रुसतो, हे काही त्यांना उमगत नव्हतं.

जानेवारीतल्या एका सोमवारी तो पुन्हा रुसला. दाब दाखवणारी सुई तांबड्या पट्ट्यात झोपली होती. नळाला गरम पाणी नाही. खोल्या तापवणारे रेडिएटर गार. लोकरी टोपी घालून, पोटाशी गरम पाण्याची पिशवी धरून मिडग्ली चहा करत होते, तेवढ्यात स्विंडनहून मुलीचा फोन आला.

"बाबा, तुम्हाला नीट ऐकू येत नाहीये का?"

"टोपी कानावर आहे."

"घरात? म्हणजे पुन्हा बंद पडला."

जॅनिस बँकेत वाया गेली, तिला पोलिसात घालायला हवं होतं, असं मिडग्लींच्या मनात आलं.

"प्लंबर येतो, पाणी भरतो, पैसे घेतो, जातो," जॅनिस म्हणाली. "किती दिवस चालायचं हे? एक तर दुरुस्तीचं कव्हर घ्या. महिन्याला ठरलेली रक्कम भरायची, बिघडलं की त्यांचा माणूस येतो. नाहीतर उन्हाळ्यापर्यंत इकडे या."

"स्विंडनला डॉमिनो खेळतात का?"

"विषय बदलू नका."

विषय तोच होता. दर गुरुवारी क्लबात, खिडकीजवळच्या टेबलावर, मिडग्लींची खुर्ची ठरलेली होती. उन्हाळ्यापर्यंत ती कोण रिकामी ठेवणार? तिच्यावर डोळा ठेवून बसलेले दोघे त्यांना नावानिशी माहीत होते. एकदा स्विंडनला गेलेला म्हातारा परत येत नाही, हेही त्यांनी इतरांच्या घरी पाहिलं होतं.

त्यांनी कव्हरवाल्यांना फोन केला. सही घेण्याआधी ते लोक बॉयलर तपासून जातात. मंगळवारी नबीला आली. तिशीची, ब्रॅडफर्डची, हातात जड पेटी. तिने दारातच बूट काढले. मिडग्लींना ती तिथेच आवडली.

तासभर तिने सांधे पाहिले, पायपांवरून हात फिरवला, जिन्याखाली वाकून टॉर्च मारला.

"गळत कुठेच नाही," ती म्हणाली. "मग पाणी जातं कुठे? काका, रेडिएटरमधली हवा कोण काढतं?"

"मीच. दर रविवारी, न्याहारीनंतर."

"दर रविवारी?"

खिळ्यावर टांगलेली छोटी पितळी चावी मिडग्लींनी अभिमानाने दाखवली. शेजारी निळा मग. हे काम मूळचं आयव्हीचं, त्यांच्या बायकोचं. ती चावी फिरवायची, हे मग धरायचे. आधी फुस्स करून हवा, मग काळं पाणी. ते स्वच्छ येईपर्यंत अर्धा मग सोडायचा. असे सात रेडिएटर. आयव्हीला जाऊन तीन वर्षं झाली. आता एका हातात चावी आणि दुसऱ्या हातात मग.

"आणि हल्ली फुस्स होतं?"

मिडग्लींनी आठवून पाहिलं. "नाही. हल्ली सरळ पाणीच येतं."

नबीला जिन्याच्या पायरीवर बसली. "जुना बॉयलर होता तेव्हा माळ्यावर टाकी होती ना?"

"होती. दीड वर्षापूर्वी दोन्ही एकदमच काढलं."

"ती टाकी मागून गुपचूप पाणी भरायची. कितीही काढा. ह्या नव्याला टाकी नाही. आत आहे तेवढंच पाणी."

इंग्रजीत रेडिएटरमधली हवा काढायला 'ब्लीड करणं', म्हणजे रक्त काढणं, म्हणतात. नबीला अगदी डॉक्टरच्या आवाजात म्हणाली, "रोगी ठणठणीत आहे, काका. तुम्हीच दर रविवारी त्याचं रक्त काढताय."

मिडग्लींनी मग उलटा करून ठेवला.

"पोरी, कंपनीने तुला हे सांगायला पाठवलंय?"

"नाही. सही घ्यायला." तिने कागद टेबलावर ठेवला. "पण बॉयलर दीड वर्षाचा. बनवणाऱ्याची हमी अजून पाच वर्षं आहे. वर्षातून एकदा सर्व्हिसिंग तेवढं चुकवू नका. हमी संपली की मग बघा कव्हरचं."

मग बॉयलरखालच्या दोन काळ्या कळा तिने त्यांच्याच हाताने उघडायला लावल्या. पाणी सरसरलं. सुई उठून बसली. दीडवर आल्यावर बंद. "दोन्ही बंद करायच्या. विसरलात तर दाब चढून बाहेरच्या भिंतीवर धबधबा."

ती गेली. कागद तिथेच राहिला. मिडग्लींनी चष्मा लावला, पेन काढलं.

सही केली की जॅनिस गप्प. सही नाही केली, तर कारण सांगावं लागणार. आपलाच बॉयलर मगाने उपसणाऱ्या बापाला कुठली मुलगी एकटं राहू देईल?

अडतीस वर्षांत त्यांनी कुणाचं एक पत्र दडवलं नव्हतं. वाईट बातमीचंसुद्धा. त्यांनी पेन खिशात टाकलं आणि फोन उचलला.

"जॅनिस, बॉयलर ठीक आहे. बिघडलो होतो मी."

त्यांनी सगळं सांगितलं.

"आईचा निळा मग?"

"तोच."

"आणि कव्हर?"

"नाही घेतलं. घेतलं असतं तर तुला हे कळलंच नसतं."

"त्याचाच मी विचार करतेय." जॅनिसने नाक शिंकरलं. हसली की रडली, फोनवर कळलं नाही. "आत्ता सुई कुठे आहे?"

"दीडवर."

"दर रविवारी मला फोन करून सांगायचं. एकाच्या खाली गेली आणि तुम्ही लपवलंत, तर स्विंडन."

"आणि नाही लपवलं तर?"

"तर खेळा तुमचं डॉमिनो."

रविवारी न्याहारी झाली आणि सवयीने चावी हातात आली. मिडग्लींनी ती परत खिळ्याला लावली. निळा मग मात्र घेतला, त्यात चहा ओतला. एकेका रेडिएटरच्या माथ्यावर हात ठेवत ते सातही खोल्या फिरून आले. वरचा भाग गार लागला तरच चावी, असं नबीलाने बजावलं होतं. सातही वरपर्यंत गरम.

त्यांनी स्विंडनला फोन लावला.

"दीड."

"बरं."

"आणि गुरुवारी जिंकलो."

"ते नव्हतं विचारलं, बाबा."

"माहितेय," मिडग्ली म्हणाले, आणि पूर्ण डाव पहिल्या सोंगटीपासून सांगायला बसले.