तिसरी पाहिजे

माझ्या तोंडून 'नाही' निघत नाही. हा काही सद्गुण नव्हे, भित्रेपणा आहे, आणि त्याची फळं मी गेली चव्वेचाळीस वर्षं भोगते आहे. सोसायटीची सेक्रेटरी मी, शेजारीण गावाला गेली की तिच्या सोळा कुंड्यांना पाणी घालणारी मी, आणि विजय नगरच्या ज्या कंपनीत मी एचआर सांभाळते तिथे रजेचा अर्ज फेटाळल्याचं आजवर कुणी पाहिलेलं नाही. तरीपण दगडधोंड्यांतून सायकल पळवायच्या शर्यतीत मी उतरेन असं कुणी सांगितलं असतं, तर मी त्याला चहा पाजून घरी पाठवलं असतं.

समोरच्या टेबलावर बसणारी मुलगी मला त्यात घेऊन गेली. पंचवीस-सव्वीसची, परदेशीपुऱ्यात राहणारी, आजोबा गिरणीत कामाला म्हणून इंदूरला आलेले. दिवसभर कॉम्प्युटरवर गिऱ्हाइकांच्या तक्रारी सोडवायची आणि पहाटे माउंटन बाइक घेऊन टेकड्यांवर जायची. एके दुपारी ती फॉर्म घेऊन माझ्याकडे आली.

"ताई, एक काम आहे. ना मत बोलना हां," ती म्हणाली. इंदूरच्या मराठीत विनंती अशीच अर्धी हिंदीत येते. "बायकांच्या गटात तीन जणी शेवटपर्यंत पोचल्या तरच गट धरतात. मी आहे, यंदा देपालपुरची एक नवी आहे, बस. दोन साल झाले, तिसरी मिळत नाही म्हणून गट कॅन्सल होतो."

गट झाला तर पहिली येणारी थेट राज्याच्या संघात. नाही झाला तर भोपाळला चाचणी, आणि तिथे ढीगभर मुली येतात. दोन वर्षं ती भोपाळहून हात हलवत परत आली होती. इथे मात्र वाटेवरचा दगड न दगड तिच्या ओळखीचा होता, आणि देपालपुरच्या मुलीचं नावही कुणी ऐकलेलं नव्हतं.

"तुम्ही बस पोचायचं ताई. पायी आलात तरी चालेल. फक्त सायकल सोबत पाहिजे."

मी 'बघू' म्हटलं. दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर तिचं जुनं हेल्मेट येऊन बसलं होतं.

महिनाभर तिनं मला शिकवलं, हेही खरं. घरामागे एका अर्धवट बांधकामाच्या प्लॉटवर मातीचे ढिगारे होते, तिथे सकाळी सहाला आमचा वर्ग भरायचा. उतारावर पुढचा ब्रेक एकदम दाबायचा नाही, पार्श्वभाग सीटच्या मागे न्यायचा, चढ लागायच्या आधी गिअर बदलायचा. यातलं मला एक धड जमलं नाही. पण तिची एक गोष्ट डोक्यात बसली. दगड चुकवायचा म्हणून दगडाकडे बघत राहिलं की सायकल नेमकी त्याच दगडावर जाते. "जिथे जायचंय तिथेच बघायचं, ताई. बाकी कुठेच नाही." शिकवताना ती कधी चिडली नाही. माझ्या पोटच्या मुलानं मला मोबाइल शिकवताना जेवढा संयम दाखवला नाही, तेवढा तिनं दाखवला. मला ती आवडायला लागली होती, आणि माणूस आवडलं की सुटकेचा शेवटचा रस्ताही बंद होतो.

शर्यत सिमरोलच्या पुढच्या टेकड्यांवर होती, थंडीतल्या एका रविवारी सकाळी. नवरा गाडीतून सोडायला आला होता, म्हणजे मोबाइलवर शूटिंग करायला. देपालपुरची मुलगी बसनं आली होती, सायकल टपावर टाकून. एकोणीस-वीसची असेल. सायकल साधीच, मागचं कॅरिअर काढून टाकलेलं. त्या कॅरिअरला दुधाचे कॅन बांधून ती रोज डेअरीवर जायची, असं तिनंच सांगितलं. माझ्याकडे बघून तिला हसू आलं, पण तिनं ते दाबलं.

"आंटीजी, पट्टा ढीला है," असं म्हणून तिनं माझ्या हनुवटीखालचा हेल्मेटचा पट्टा नीट ओढून दिला. परदेशीपुऱ्याची तेव्हा आपल्या टायरमधली हवा बघत होती.

शिट्टी झाली आणि दोघी गेल्या. गेल्या म्हणजे दिसेनाशाच झाल्या. एकाच वाटेवरून दोन फेऱ्या मारायच्या होत्या. आधी मैदान, मग कोरडा नाला, त्यातून वर आलं की पुलिया, म्हणजे छोटा पूल, मग सुट्या मुरमाची एक चढण, वर थोडं सपाट गवत आणि तिथून घाणेरीच्या झुडपांतून खाली उतरणारी जेमतेम हातभर रुंदीची पायवाट. नाल्यात मी एकदा पडले, चढणीवर दोनदा. आमचे पूर्वज संस्थानाच्या फौजेत घोडेस्वार होते असं घरात मोठ्या तोऱ्यात सांगतात. पण त्यांच्यापैकी कुणी घोडा खांद्यावर घेऊन टेकडी चढल्याचं माझ्या ऐकिवात नाही. मला ते करावं लागलं.

घाणेरीच्या वाटेवर मला खरी भीती वाटली. दोन्ही बाजूंनी काटेरी फांद्या अंगाला ओरबाडत होत्या. सायकल वळवून मागे फिरावं तर तेवढी जागा नव्हती, उतरून उभं राहावं तर पाय ठेवायला सपाट जमीन नव्हती, आणि ब्रेक दाबला तर तोंडावर आपटणार हे ठरलेलं. मोठ्यानं ओरडावं असं वाटलं, पण ऐकायला कुणी नव्हतं. मला वाटलं, हे माझंच आयुष्य आहे, नुसतं उतारावर आणून ठेवलेलं.

पहिली फेरी संपवून मैदानात आले तेव्हा कोपर सोललेलं होतं आणि गुडघ्यातून रक्त येत होतं. हातात शिट्टी घेतलेल्या स्वयंसेवकाला मी म्हटलं, "भिया, मेरा हो गया."

त्याचा चेहरा पडला. "मैडम, आप उतर गईं तो तीन कहाँ से होंगी? पूरा गट जाएगा. दोनों लड़कियाँ पहला चक्कर मार के कब की निकल गईं यहाँ से, आगे-पीछे."

मी नवऱ्याकडे बघितलं. निदान तो तरी म्हणेल, पुरे आता, चल घरी.

"मस्त चाललंय," तो म्हणाला. "जरा हसून इकडे बघ."

त्याच्याशी मी पुढे चार दिवस बोलले नाही. तेव्हा मात्र सायकल ढकलत दुसऱ्या फेरीला निघाले. नाल्यात रडले, हे आज पहिल्यांदाच सांगते आहे. रडण्यात दुखण्यापेक्षा राग जास्त होता. परदेशीपुऱ्याचीचा राग आला, 'बघू' म्हणणाऱ्या स्वतःचा आला, त्या तीनच्या नियमाचा आला. शर्यत हरायची भीती मला नव्हतीच, कारण माझ्यामागे कुणी नव्हतं. मला फक्त सोडून देता येत नव्हतं. हरणाऱ्यालासुद्धा मध्येच घरी जायची मुभा असते, तेवढीही मला नव्हती.

चढण पायी चढले, सायकल खांद्यावर. वरच्या गवतात बसून पाणी प्यायले. मग घाणेरीची वाट, आणि या वेळी, का कोण जाणे, मी पडले नाही. वाटेच्या शेवटी खाकऱ्याचं, म्हणजे पळसाचं, एक झाड आहे, तिथे वाट वळते आणि खाली मैदान दिसायला लागतं. त्या वळणावर परदेशीपुऱ्याची उभी होती. पायी आली होती, हेल्मेट नाही, छातीवर नंबर तसाच.

मी कसाबसा ब्रेक लावून एक पाय टेकला. मला वाटलं, जिंकली आणि आता मला घ्यायला आली.

"ताई, बस करा आता," ती म्हणाली. "केवढं लागलंय तुम्हाला. उतरा. इथून शॉर्टकट आहे, मी नेते सायकल."

सकाळपासून याच शब्दांसाठी माझा जीव आसुसला होता. मी दुसराही पाय खाली टेकवला. बरं वाटलं, खूप बरं वाटलं. मग तिचा चेहरा नीट दिसला. डोळे सुजलेले होते.

"जिंकलीस ना?"

तिनं मान हलवली. "देपालपुरची पुढे निघाली. या उतारावर. मी नाही पकडू शकले, यार." मग ती म्हणाली, "तुम्ही पोचल्या नाहीत तर गट कॅन्सल होईल, ताई. मग भोपाळला ट्रायल. मला एक चान्स तर मिळेल. तुम्हाला कोण काय बोलणार? तुम्हाला तर लागलंय."

सगळं खरं होतं. मला कुणी काही बोललं नसतं. उलट नवऱ्यापासून ऑफिसपर्यंत सगळ्यांनी गुडघा बघून हळहळ केली असती. उतरायला मला एवढं सबळ कारण पुन्हा मिळणार नव्हतं. आणि समोर जी उभी होती तिनं महिनाभर पहाटे उठून मला शिकवलं होतं. मला तिची फार दया आली. पण तेवढाच संतापही आला. मी काय दरवाजा आहे? गरज असली की उघडायचा, नसली की लावून घ्यायचा?

खाली मैदानात रेषेजवळ एक सायकल आडवी पडलेली दिसत होती, आणि तिच्या शेजारी कुणीतरी उकिडवं बसून नेमकं या टेकडीकडे बघत होतं. ती का बसली आहे हे मला ठाऊक होतं. मी पोचेपर्यंत ती काहीच जिंकलेली नव्हती.

"नाही गं," मी म्हटलं.

शब्द बाहेर पडल्यावर मलाच धक्का बसला. तिला माझ्याहून जास्त बसला असावा.

"ताई, तुम्ही तर कधी कोणाला नाही म्हणत नाही," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, नुसतं आश्चर्य होतं, आणि तेच मला अजून बोचतं.

मी पेडलवर पाय ठेवला. तिच्याकडे बघितलं असतं तर मी तिच्याकडेच गेले असते. मी रेषेकडे बघितलं. जिथे जायचंय तिथेच बघायचं, बाकी कुठेच नाही. ती मागून ओरडली नाही, पळतही आली नाही.

मैदानात शिट्टी वाजली तेव्हा देपालपुरची उठून उभी राहिली. मी रेषेपलीकडे जाऊन सायकलसकट कोसळले. तिनं आधी सायकल बाजूला केली, मग मला उठवलं.

"आंटीजी, आप पुलिया पे दिखीं, फिर ऊपर दिखीं, फिर दिखीं ही नहीं," ती म्हणाली. "मुझे लगा, आप बैठ गईं."

"बैठने ही वाली थी," मी म्हटलं. तिला ते थट्टेत वाटलं आणि ती मोकळेपणानं हसली.

बक्षीस द्यायला लाकडी खोक्यांच्या तीन पायऱ्या मांडल्या होत्या. मधे देपालपुरची, तिच्या उजवीकडे परदेशीपुऱ्याची, डावीकडे मी. फोटो काढणाऱ्यानं सांगितलं, एकमेकींचे हात धरून वर करा. मग म्हणाला, नहीं जमा, तीसरीवाली मैडम और दूसरीवाली पास आइए, पहली आगे बैठ जाएगी. तेव्हा मी परदेशीपुऱ्याचीचा हात धरून वर केला. सोमवारी तो फोटो ऑफिसच्या बोर्डावर लागला आणि दोन दोन पदकं एका ऑफिसात म्हणून केक कापला गेला. फोटोत आमचे हात उंच दिसतात. नीट बघितलं तर माझी मूठ घट्ट आहे आणि तिची बोटं उघडी आहेत. धरलंय फक्त मी.

त्या सोमवारपासून तिनं मला 'मॅडम' म्हणायला सुरुवात केली. ऑफिसात सगळेच म्हणतात, त्यामुळे इतर कुणाच्या लक्षातही आलं नाही. कामाचं बोलायची, चहाला विचारायची नाही. मी तिचं हेल्मेट धुऊन, पुसून टेबलावर ठेवलं. ते तिनं न बघता खणात टाकलं. बरोबर वागलीस, असं मला नवऱ्यानं सांगितलं, बहिणीनं सांगितलं. पण समोरच्या टेबलाकडे बघायचं टाळत दिवस काढणं त्या घाणेरीच्या वाटेपेक्षा अवघड होतं. तिथे निदान उतार तरी होता, आपोआप खाली पोचत होते. इथे वर्षभर मी होते तिथेच होते. चुकले असं मला एकदाही वाटलं नाही आणि तरीही माफी मागावीशी रोज वाटायची.

परवा दुपारी ती माझ्या टेबलापाशी येऊन उभी राहिली. हातात फॉर्म होता. यंदाही देपालपुरचीनं नाव दिलंय आणि मीपण दिलंय, असं ती म्हणाली. मग बराच वेळ फॉर्मची घडी घालत आणि उलगडत राहिली.

"तिसरी पाहिजे, ताई," ती शेवटी म्हणाली. "पण नाही म्हणायचं असेल तर आत्ताच म्हणा. वळणावर नका म्हणू."

वर्षभरानं तिच्या तोंडून 'ताई' ऐकलं. मी तिच्याकडे पेन मागितलं.