हिऱ्या-तांब्याचा पट

माझ्या मावसभावाला ब्रह्मदेवाने सृष्टीच्या कामावर मुकादम नेमलं असतं, तर पृथ्वी अजून तयार झाली नसती. "डोंगराचा उतार जरा तिरपा हाय, थांबा," म्हणून त्याने समुद्रात पाणीच सोडू दिलं नसतं. चूक दिसली की काम थांबवायचं, आणि दिसली नाही तर दिसेपर्यंत थांबवायचं, हा त्याचा धर्म. स्वतःच्या लग्नात त्याने अंतरपाटाआडून मंगलाष्टकं थांबवली, कारण भटजींनी एक ओळ गाळली होती. "मुहूर्त टळला तं टळू द्या महाराज, पन ओळ सुटाले नाई पायजे!" पलीकडे वहिनी हार धरून ताटकळल्या होत्या. पुढचं आयुष्य कसं जाणार, याचा अंदाज त्यांना तिथेच आला असावा.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीला त्याने आदिलाबादेत संगणकाचे वर्ग काढले आणि तिथे त्याला खेळ बनवायचं वेड लागलं. खेळ शंकरपटाचा. एक बैलजोडी बेला या गावी त्याच्या घरी, दुसरी आदिलाबादेत, मध्ये टेलिफोनची तार, आणि दोन्ही पडद्यांवर एकच शर्यत! बेल्याच्या जोडीचं नाव हिऱ्या-तांब्या. ही त्याच्या वडिलांची, म्हणजे आमच्या मावसाजींची जोडी. घरात ट्रॅक्टर आला तेव्हा ती विकली गेली, आणि तेव्हापासून मावसाजी ट्रॅक्टरकडे पाठ करूनच बसत. आता त्यांचे डोळे अधू होत चालले होते, आणि उरलीसुरली नजरही फार दिवस टिकणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. ते रोज विचारत, "कवा दावतं रे माही जोडी?"

"थोडे बग राह्यले, बाबा."

चुका होत्या, नाही असं नाही. तांब्या मधेच आभाळात चढे. कोणाचा फोन आला की चारही बैल गडप होत. पण त्या निस्तरल्यावर या गृहस्थाला दिसलं, की हिऱ्याचं शेपूट एकाच बाजूला हलतं. उद्घाटन पुन्हा पुढे! तेव्हा मात्र वहिनींचा बांध फुटला.

"तुमचे बग जातीन तवा जातीन. मामाजीचे डोळे थांबून राह्यले का? पोळ्याले खेळ लागलाच पायजे!"

घरात पहिल्यांदाच एखादी तारीख ठरली आणि टिकली.

पोळ्याच्या दिवशी वहिनी आदिलाबादच्या संगणकावर बसल्या आणि आम्ही बेल्याच्या. मावसाजींनी पडद्याला जवळजवळ नाकच लावलं होतं. तार जुळली, झेंडी पडली, वहिनींची जोडी सुसाट सुटली, आणि हिऱ्या-तांब्या जागचे हलेनात. भाऊ कळफलक बडवून घामाघूम झाला. "मनून म्हनत होतो, थांबा!"

मावसाजींनी काचेवरून हात फिरवला. "काऊन रागावतं त्याइच्यावर? पोळ्याच्या दिवशी कोनी बैल जुपते का, येड्या? त्याइले ध्यान हाय, तूच इसरला."

आम्ही सगळी शेतकऱ्यांची पोरं, पोटात पुरणपोळी गेलेली, आणि कोणालाच हे सुचलं नव्हतं!

"मंग वहिनीचे काऊन पळाले?" मी विचारलं.

"आदिलाबादचे हायत ते. त्याइले सनवार काय समजते?"

मग त्यांनी पुरणपोळी मागवून पडद्यासमोर ठेवली आणि दिवेलागणीपर्यंत त्या उभ्या जोडीकडे पाहत बसले. इतकं समाधान मी त्यांच्या चेहऱ्यावर फार वर्षांनी पाहिलं.

पुढच्या पोळ्याआधी त्यांची नजर गेली, आणि मग एक दिवस तेही गेले. खेळ काही बाजारात आला नाही. भावाने सगळ्या चुका काढल्या, अगदी शेपटाचीसुद्धा. बैल न हलण्याची तेवढी राहिली. मी विचारलं की म्हणतो, "पाहून राह्यलो."

पण दर पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी तो जुना संगणक लावतो, काचेवर हिऱ्या-तांब्याच्या खांद्यांना हळद-लोणी लावतो, आणि मावसाजी गोठ्यात म्हणायचे तसंच म्हणतो, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."