खुंटावरची राख

मलिनला युस्निमार किती ठाऊक होती, असं कुणी विचारलं तर त्याला मान खाली घालावी लागेल. रोज सकाळी तिच्या टपरीवर कॉफी प्यायची, तळलेलं केळं खायचं आणि उठायचं, एवढीच काय ती ओळख. ती कोटो जिरक गावातच जन्मलेली. तो परगावाहून लग्न होऊन आलेला जावई; नवऱ्याने बायकोच्या घरी नांदायचं, ही इथली रीत. जावयाने गावच्या गोष्टीत तोंड घालू नये, हा रिवाज त्याने म्हातारा होईपर्यंत पाळला. बोलणं त्याला जमतही नव्हतं म्हणा.

एका ऑगस्टात मात्र त्याचं कुतूहल चाळवलं. स्वातंत्र्यदिनाला गावात बायकांची भाषणस्पर्धा होती. ऐकणाऱ्यांचं मन वळवेल असं भाषण हवं होतं. युस्निमारने नाव दिलं, आणि विषय शोधायची तिची तऱ्हाच निराळी. कढईत केळी सोडता सोडता ती एखादा विषय सहज टाकायची.

"गाव स्वच्छ ठेवावं."

"ठेवावं की," सगळे म्हणाले. डॉमिनोचा डाव चालूच.

"बाद," ती म्हणाली.

"बाद कशानं, ताई? चांगला तर आहे!" गावातला सगळ्यांत तोंडाळ पियान बोललाच.

"सगळे हो म्हणालात ना? मग मी वळवू कुणाचं मन? तुमची आधीच वळून पडलीत."

मुलींचं शिक्षण असंच बाद झालं, पुलाचा कठडाही. आज काय टाकते म्हणून मलिन जरा लवकरच येऊन बसू लागला.

त्याच्या मनात वेगळाच घोर होता. बायको असनीदार वारली होती. बायको गेली की जावयाने आपल्या आईच्या घरी परतायचं, ही चाल. स्वातंत्र्यदिन झाल्यावर त्याचे भाचे न्यायला येणार होते. आईच्या गावात त्याला हाक मारणारं आता कुणी नव्हतं. इथे असनीदारची कबर होती, तिने लावलेलं दालचिनीचं झाड होतं. त्याला राहायचं होतं. पण 'राहू का?' हे जावयाने विचारायचं कुणाला?

आणि एका सकाळी युस्निमार म्हणाली, "बायको गेली तरी जावयाला इथंच राहू द्यावं."

डाव थांबला.

"काहीतरीच काय!" पियान म्हणाला. "जावई म्हणजे तोडलेल्या झाडाच्या खुंटावरची राख. वारा आला की उडायची."

असनीदारचा थोरला भाऊ, घराण्याचा कारभारी दातुक मराजो, त्याने कप खाली ठेवला. मलिनचा कप बशीवर खडखडला. युस्निमारने त्या कपाकडे पाहिलं. मलिनकडे नाही, कपाकडेच.

"हा चालेल," म्हणाली आणि केळी उलटली.

भाषणाच्या दिवशी ती गावासमोर उभी राहिली. "राख उडते म्हणता. पण वर पाऊस पडला की? राख खुंटात मुरते. कोरडी राख वाऱ्याची. मुरलेली कुणाची, ते तुम्हीच सांगा."

बक्षीस गावच्या स्वच्छतेवर बोललेल्या बाईला मिळालं. पियान आठवडाभर चिडवत होता.

भाचे आले. मलिन कपडे बांधून जिन्यापाशी उभा होता. दातुक मराजोने त्यांना वर बोलावलं, ताटं मांडली. "जेवून जा. तुमचा मामा नाही येत. तो मुरलाय इथं."

मलिनला पुढे कितीदा वाटलं, विचारावं. तिने तो विषय माझ्यासाठी काढला, की निव्वळ भांडणाचा म्हणून? माझ्या मनातलं तिला कळलं कसं? एक दिवस ती लेकीकडे पेकनबारू शहरात निघाली, महिन्याभरासाठी. ती परत आलीच नाही. तिकडून ती वारल्याची बातमीच आली. तिच्या निघायच्या सकाळी तो विचारायचं ठरवूनच आला होता.

"युस्निमार,"

"काय, जावईबापू?"

त्याने कढईत डोकावलं. "केळी संपली का?"

"दोन आहेत. बसा, गरम करून देते."