उंदिरवाडे सरांनी मागे घेतलेलं उत्तर

टेंभूरटोल्याच्या हायस्कुलात मी बावीस वर्षं मराठी शिकवलं, म्हणजे निबंध उतरवून दिले. अडतीस पोरांच्या वहीत तोच निबंध, तेच 'नयनरम्य दृश्य', आणि शुद्धलेखनाच्या चुकाही त्याच, कारण त्या माझ्या होत्या. तपासणीत मला दरवेळी 'उत्तम' शेरा मिळायचा. खुशाल उंदिरवाडे या मास्तरांबद्दल कोण बोलतंय हे तुम्हाला ठाऊक असावं, म्हणून हे आधीच सांगितलं.

उंदिरवाडे १९८३ च्या जूनमध्ये गणिताला आले. आरमोरीची एस.टी. पंक्चर होऊन रस्त्यात उभी होती, म्हणून ते सायकलवर आले. मागे ट्रंक, ट्रंकेवर बादली, आणि बादलीत बी.एस्सी., बी.एड.ची प्रमाणपत्रं. त्यांचे वडील सोमाजी छप्पन साली धम्मदीक्षेला चांद्यापर्यंत पायी गेलेले. पुढे मुलगा शिकून मास्तर होईस्तोवर त्यांनी दुसऱ्यांच्या बांध्यांत, म्हणजे धानाच्या शेतांत, चिखल केला. आता त्यांची एकच इच्छा उरली होती, पोराची नोकरी कायम व्हावी. दुसऱ्या वर्षी वरून साहेब तपासणीला येणार, त्यांचा शेरा बरा असला तर कायम मान्यतेचा कागद येणार, नाही तर दर जूनला नवा तात्पुरता आदेश. सोमाजीबुवा महिन्यातून एकदा शाळेच्या फाटकाशी येऊन उभे राहत आणि मला विचारत, "गुरनुले सर, आलं का जी कायम?" वडशाच्या गाडीनं कुणी पाहुणा यायचा असावा तसं.

उंदिरवाड्यांची शिकवायची रीत म्हणजे स्टाफरूमची फुकटची करमणूक होती. सोमवारी ते फळ्यावर एक उदाहरण लिहायचे आणि गुरुवारपर्यंत सोडवायचेच नाहीत. पोरं डोकं खाजवत बसलेली, हे खिडकीशी उभे. आमचे हेडमास्तर पिलारे सर एकदा काळजीनं म्हणाले, "उंदिरवाडे, येत नसन त गाईड देऊ का?"

"येते ना सर."

"मंग सोडवून काऊन नाई देत?"

"मले येते. त्याइले आलं पायजे."

पिलारे सरांनी आयुष्यात गाईडाबाहेरचं गणित पाहिलं नव्हतं. त्यांनी मान हलवली आणि गाईड कपाटात ठेवून कुलूप लावलं.

पहिल्या वर्षी शाळेमागच्या मोहाच्या झाडाची उंची काढायला आठवीला आठवडा लागला. पहिल्याच दिवशी इतवारी नावाचं पोरगं सरसर वर चढलं आणि त्यानं शेंड्यावरून दोर सोडला. सरांनी त्याचं उत्तर बरोबर धरलं आणि म्हणाले, आता न चढता काढा. शुक्रवारी सुकरी हलामी या पोरीनं झाडाची सावली मोजली, स्वतःची सावली मोजली, स्वतःची उंची भिंतीवर खूण करून मोजली आणि उत्तर आणलं. दोराच्या मापापेक्षा ते हातभर चुकलं होतं. समरूप त्रिकोण आमच्या पुस्तकात पुढे कुठंतरी होते. ही पोरगी त्या पानापर्यंत पोचलीही नव्हती. तिचं गाव जंगलात तीन मैल आत, रोज पायी येणं-जाणं. रोवण्याच्या, म्हणजे भातलावणीच्या, दिवसांत ती पंधरा दिवस गायब असे, कारण बांधीत बायांच्या रांगेत तिचीही जागा ठरलेली होती.

उंदिरवाड्यांचा एक नियम होता आणि त्यानंच पुढे घात केला. उदाहरण आधी तपासायचं, मग सोडवायचं. खोटं वाटलं तर कारण लिहून त्याच्यावर फुली मारायची. पोरांना सांगा नि मग बघा! पुस्तकात होतं, एक माणूस जुना आणि नवा तांदूळ तीनास दोन प्रमाणात मिसळतो. आमची पोरं धानाच्या मुलखातली. दसरूनं फुली मारून खाली लिहिलं, 'जुना तांदूळ शिजेपर्यंत नव्याचा गोळा होते. असा माणूस नसते.' सरांनी त्याला पैकीच्या पैकी गुण दिले आणि मग म्हणाले, आता असा वेडा माणूस आहे असं धरून सोडव. तेही त्यानं सोडवलं. हे मी खिडकीतून पाहिलं होतं. मला त्या माणसाचा हेवा वाटला होता, हे आज कबूल करायला हरकत नाही.

पंच्याऐंशीच्या जानेवारीत तपासणी लागली. तपासणी म्हणजे आमच्याकडे अर्धं लग्न. भिंतींना चुना, पायरीला गेरू, बंद घड्याळाचे काटे साडेदहावर, बोडीतले मासे, गावठी कोंबडा, आणि साहेबांच्या खुर्चीवर कुणाच्या तरी रुखवतातली भरतकामाची चादर. साहेब घाटाकडचे होते, बदलीवर आलेले. तिकडे भाताची लावणी बाया-पुरुष सगळे मिळून करतात म्हणे. त्यांचा यात दोष नव्हता. दोष होता पिलारे सरांचा, कारण कोंबड्यावर ताव मारून झाल्यावर त्यांनीच साहेबांना सुचवलं, "नववीले काळ-काम-वेगाचं विचारा जी. इथल्या मातीतलं काई विचारलं त पोरं खुलतेत." पुस्तकातलं भिंत बांधणाऱ्या मजुरांचं उदाहरण त्यांनी पोरांकडून आठ दिवस घोकून घेतलं होतं.

साहेब खुशीत होते. भिंतीच्या ठिकाणी त्यांनी शेत घातलं. "सहा पुरुष एक शेत चार दिवसांत रोवतात. तर चोवीस पुरुष तेच शेत किती दिवसांत रोवतील?"

मी मागच्या बाकाशी उभा होतो. वर्गात कुजबुज झाली. सुकरी उभी राहिली.

"साहेब, ह्याच्यावर फुली येते."

"काय येतं?"

"फुली. माणसं रोवणा नाई करत. बाया करतेत. माणसं चिखल करतेत, परे, म्हंजे रोपं, वाहून आणतेत."

"बरं, पण करतात असं समज."

सुकरीनं खरंच समजून पाहिलं. ती पोरगी टाळाटाळ करणारी नव्हती. "सहा माणसं एखाद्या वेळेस करतीन बी, लाजंकाजंनं. पण चोवीस नाई करत साहेब. चोवीस जमले का बांधीच्या धुऱ्यावर बसतेत."

वर्ग फुटला. दसरूनं बसल्या बसल्या भर घातली, "चार दिवस त बसतेतच!" पिलारे सरांचा हात आपोआप कपाटाच्या किल्लीकडे गेला. साहेबांचा चेहरा उतरला, मग चढला. ते पोरांकडे पाठ करून उंदिरवाड्यांकडे वळले.

"मास्तर, तुम्ही सांगा. उत्तर काय?"

आता कुणाच्या हातात काय आहे हे त्या खोलीत सगळ्यांना कळत होतं, सुकरी सोडून. साहेबांच्या बगलेत उंदिरवाड्यांची फाईल होती. फाटकाशी सोमाजीबुवा धुतलेलं धोतर नेसून सकाळपासून उभे होते. उंदिरवाड्यांनी एकदा पोरीकडे पाहिलं.

"एक दिवस, साहेब."

"ऐकलंस?" साहेब सुकरीला म्हणाले. ती खाली बसली. संध्याकाळी शेरा आला: 'गणिताचे अध्यापन समाधानकारक. विद्यार्थी किंचित वाचाळ. शिक्षकास कायम मान्यता देण्यास हरकत नसावी.' पिलारे सरांनी तो तीनदा वाचून दाखवला. सोमाजीबुवांनी माझे हात धरले आणि ते रडले. मलाही बरं वाटलं. मी असतो तर चोवीस पुरुषांनी अर्ध्या दिवसात रोवलं असंही म्हणालो असतो.

पुढच्या सोमवारी उंदिरवाड्यांनी फळ्यावर उदाहरण लिहिलं: एक कोंबडी एकवीस दिवसांत अंडी उबवते, तर तीन कोंबड्या तीच अंडी किती दिवसांत उबवतील? प्रत्येक पोराच्या घरी कोंबड्या. गुरुवारची वाट पाहायची गरजच पडली नाही. दोन मिनिटांत अडतीस वह्या वर झाल्या आणि अडतीस वह्यांत 'सात दिवस'. सुकरीच्याही. कुणी हसलं नाही, कुणी फुली मारली नाही. असा शिस्तीचा वर्ग आमच्या शाळेत कधी झाला नव्हता.

मधल्या सुट्टीत उंदिरवाडे माझ्याकडे एक कागद घेऊन आले. म्हणाले, "गुरनुले सर, भाषा तेवढी पाहून द्या." मी वाचलं.

'विषय: तपासणीच्या वेळी दिलेले उत्तर मागे घेण्याबाबत. महोदय, आपण इयत्ता नववीस विचारलेल्या उदाहरणास मी "एक दिवस" असे उत्तर दिले. सदर उत्तर मी नोकरीच्या भीतीने दिले. कु. सुकरी हलामी हिचे म्हणणे बरोबर होते. तरी माझे उत्तर चूक धरून तशी नोंद व्हावी, ही विनंती.'

"तुमचं डोकं ठिकाणावर हाय का?" मी ओरडलोच. "मान्यतेचा कागद हातात येऊ द्या. मंग लिहा पायजे तेवढं!"

"मंग लिहून काय फायदा सर? मंग त कोणीबी लिहिन."

"अन् सोमाजीबुवाले काय सांगान?"

 त्यांनी कागद पुन्हा माझ्यापुढे सरकवला. मी रागारागात दोन ऱ्हस्व दीर्घ केले आणि अर्ज परत दिला. शाळेतल्या एकाही माणसानं त्यांना शाबासकी दिली नाही, मीही नाही.

त्या अर्जाचं काय झालं ते आत्ताच सांगून टाकतो, कारण मला शेवट कचेरीत करायचा नाही. आठ महिन्यांनी उत्तर आलं: 'दिलेले उत्तर मागे घेण्याची तरतूद नियमावलीत आढळून येत नाही. तथापि सदर शिक्षकाने आपले उत्तर चूक असल्याचे लेखी मान्य केले असल्याने, गणित विषयातील त्यांच्या पात्रतेबाबत खुलासा मागविण्यात यावा. तोपर्यंत मान्यतेचे प्रकरण प्रलंबित.' खुलासा गेला, खुलाशावर खुलासा मागवला गेला. चोवीस पुरुष किती दिवसांत रोवतील या प्रश्नावर वरच्या कचेरीत तीन टेबलांचे अभिप्राय जमा झाले आणि तिन्ही वेगळे होते. उंदिरवाडे कायम झाले एक्याण्णव साली. सोमाजीबुवा त्याच्या दोन वर्षं आधीच गेले. शेवटपर्यंत ते फाटकाशी येत होते, आणि मी दरवेळी "येतेच आता" म्हणत होतो.

पण त्या दिवशीचं सांगायचं राहिलं. अर्ज पाकिटात घालायच्या आधी उंदिरवाड्यांनी तो नववीत वाचून दाखवला. मी दाराशी उभा होतो. म्हटलं, बघू तरी. त्यांनी 'नोकरीच्या भीतीने' हे शब्दही गाळले नाहीत. वाचून झालं.  मग सुकरी उभी राहिली, अर्धी, बाकाला धरून.

"सर, कोंबडीचं बी खोटंच होतं ना?"

सर चमकले. "हो. तुले कवा समजलं?"

"तवाच. सगळ्याइलेच समजलं. तीन कोंबड्या बसल्या तरी एकवीसच दिवस लागतेत."

"मंग सात काऊन लिहिलं?"

 हे विचारावं लागतं याचंच तिला आश्चर्य वाटलेलं दिसलं. "तुमीच त म्हटलं ना साहेबाले, एक दिवस म्हणून. आमाले वाटलं, आता असंच लिहाचं असते."

उंदिरवाडे खुर्चीवर बसले. त्यांना मी वर्गात बसलेलं त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. मग त्यांनी पेन काढून अर्जाच्या तळाशी एक ओळ लिहिली. ती त्यांनी वाचून दाखवली नाही. दुपारी मला आरमोरीला जायचं होतं, म्हणून पाकीट माझ्याकडे दिलं. डिंक ओला होता आणि मी काही फार सज्जन माणूस नाही, वाटेत मी ते उघडलं. तळाशी लिहिलं होतं: 'माझ्या एका उत्तराने अडतीस मुले जाणूनबुजून खोटे लिहावयास शिकली. तेही माझ्याच नावावर नोंदवावे.'