नाथाच्या तळ्यातल्या दोन बादल्या

धोंडुबाईला शहाणपण शिकवायला जाऊ नये, हे पेणच्या त्या खाडीकाठच्या गावात सगळ्यांना ठाऊक. चाळीस वर्षं मिठागरात पाय भाजून घेतलेली बाई ती. मीठ परवडेना म्हणून तिथंच कोळंबीचं तळं खणलं, तरी सवयी मिठागराच्याच. नव्या खाचरात पाणी घेतलं की जुन्या खाचरातलं थोडं त्यात ओतायचं, म्हणजे पाणी लवकर कामाला लागतं, असं सासूनं शिकवलेलं. तळ्याची औषधं विकणारा "असं करू नका, मावशी" म्हणाला, तर त्यालाच ऐकवलं, "तू जल्मायच्या आधीपासून करतेय मी."

यंदाही तिनं तेच केलं. कोळंबीचं बी, म्हणजे बारीक पिल्लं, सोडायच्या आधी शेजारच्या, म्हणजे धाकट्या दिराच्या, नाथाच्या तळ्यातून दोन बादल्या पाणी आणलं. नाथाची कोळंबी तेव्हा झकास होती. बादल्या त्यानं स्वतः भरून दिल्या.

पुढच्या पंधरवड्यात नाथाची कोळंबी कडेला येऊन मरायला लागली आणि बघता बघता तळं साफ झालं. तपासणीवाल्यानं दोघांच्याही तळ्यांचं पाणी जंतू वाढवायच्या थाळीवर लावलं, तर दोन्हीकडं एकच जंतू उगवला. "ब्लीचिंग पावडर घाला आणि मारून टाका सगळं," तो धोंडुबाईला म्हणाला. "नाहीतर पुढची अकरा तळी जातील."

झालं! बाईची पाचावर धारण बसली. तिची कोळंबी तर टणाटण उड्या मारत होती. जितीजागती मारायची कशी? आणि नाही मारली, तर अकरा घरांचे शिव्याशाप कुणी घ्यायचे? तिनं दोन्ही तळ्यांचं पाणी बाटल्यांत भरलं, बर्फात घातलं आणि रोह्याची एसटी धरली.

रोह्याला लागून वरसे, तिथं तिच्या बहिणीची मुलगी अपेक्षा राहते. खाडीतल्या जंतूंवर तिची पीएचडी चाललीय. अगदी जवळच्या नात्यातल्या दोन जंतूंचे जीनोम अक्षर न् अक्षर वाचायचे आणि फरक कुठं पडतो ते हुडकायचं, हे तिचं काम. 'पोरगी जंतूंच्या पत्रिका जुळवते' अशी घरात थट्टा व्हायची, आणि त्यात धोंडुबाई सगळ्यांच्या पुढं.

पण अपेक्षानं त्यातलं काही काढलं नाही. बाटल्या घेतल्या आणि म्हणाली, "थाळीवर दोघं सारखेच दिसायचे गो मावशी. आतून सारखे आहेत का, ते बघायला आठ दिवस दे. तोवर पावडर घालू नको, आणि थेंबभर पाणी बाहेर सोडू नको."

ते आठ दिवस कसे गेले, ते तिचं तिला माहीत. खाडीत पाणी सोडायची उघाडी तिनं चिखलानं लिंपून टाकली. रोज सकाळी खाद्याची जाळी वर काढून कोळंबी निरखायची. नाथा मात्र फिरकला नाही. बांधावर समोर आला की वाट बदलून जायचा. लग्न होऊन आली तेव्हा शेंबडा होता, तिनंच अंगाखांद्यावर खेळवलेला. 'माझी कोळंबी जगली म्हणून हा चिडला की काय?' तिला मेलं लागलं ते.

नवव्या दिवशी फोनची वाटही न बघता ती वरशाला हजर. अपेक्षानं लॅपटॉप उघडला. अक्षरांच्या दोन ओळी एकाखाली एक लावलेल्या.

"तुझ्या तळ्यातला आणि नाथाकाकांच्या तळ्यातला जंतू म्हणजे सख्ख्या जुळ्या बहिणी," ती म्हणाली. "पण काकांच्या तळ्यातल्या बहिणीकडं एक जास्तीचा तुकडा आहे. कोळंबीला मारणारं विष त्यात आहे. तुझ्या तळ्यातलीकडं तो नाय. मी तीनदा बघितलं."

"म्हणजे मी आणलेल्या पाण्यात..."

"विष नव्हतंच, असंच दिसतंय. तो तुकडा काकांच्या तळ्यात नंतर शिरला. कुठून, ते अजून कळलं नाय. पण पावडर त्यांच्या तळ्यात घालायची, तुझ्या नाय. आणि आता कुणाचं पाणी कुणाच्या तळ्यात घालायचं नाय, कळलं का?"

"आय गो! सुटले गो बाय, सुटले!" धोंडुबाई मटकन फरशीवरच बसली. हसता हसता डोळ्यांना पदर लावला. मग भाचीच्या तोंडावरून हात फिरवून आपल्या कानशिलावर बोटं मोडली. "माझ्या जिभेला काय हाड हाय? तुझी थट्टा करत होते मी!"

फोन तिनं आधी नाथाला लावला.

"नाथा, माझी कोळंबी जगली. तू दिलेल्या पाण्यात काय नव्हतं रे."

"खरं बोलतेस, वयनी?"

"खोटं कशाला बोलू? अपेक्षानं तीनदा बघितलं."

मग एवढा पन्नाशीचा बाप्या फोनवर ढसाढसा रडायला लागला. "माझं तळं गेलं ते गेलं. पण मना वाटलं, बादल्या माझ्या हातानं भरल्या, तुझंबी तळं मीच मारलं. कुठल्या तोंडानं येऊ सांग?"

पण ती पडली धोंडुबाई.

"येड्या," ती म्हणाली, "एकच्या एसटीनं निघतेय मी. रात्री जेवायला घरी ये."